मायेचं नाव कुवलयमाला

शके 700 पुरं व्हायला एक दिवस उरला होता. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी जालोर गावात एका जैन साधूने आपला ग्रंथ लिहून संपवला. इंग्रजी हिशेबाने ती तारीख 21 मार्च 779 येते. जालोर आज राजस्थानात आहे, तेव्हा त्याला जाबालिपूर म्हणत. ऋषभदेवांच्या मंदिरात हे लिखाण पुरं झालं आणि त्या वेळी तिथे प्रतिहार वंशातला वत्सराज राज्य करत होता. हे सगळं लेखकानेच शेवटी लिहून ठेवलंय. आपल्या जुन्या वाङ्‌मयात ग्रंथ कोणत्या शतकातला यावर विद्वानांची आयुष्यं जातात. इथे साधू महाराजांनी दिवससुद्धा सांगितला! लेखकाचं नाव उद्योतनसूरी आणि ग्रंथाचं नाव 'कुवलयमाला'.

ही प्रेमकथा आहे. अद्भुतकथाही आहे. यात राजपुत्राला घेऊन आकाशात उडणारा घोडा आहे, उपदेश ऐकणारा सिंह आहे, माणसाच्या रक्तामांसापासून सोनं करणारे लोक आहेत, समुद्रात जहाज बुडवणारा राक्षस आहे. आणि या सगळ्यांच्या पोटात एक प्रश्न आहे, तो आजही तितकाच ताजा वाटतो. एकदा मिळालेली श्रद्धा हरवली, तर ती परत कशी मिळायची? आणि आपण जसे आहोत तसं स्वतःला ओळखल्याशिवाय ती मिळेल का?

मी याला कादंबरी म्हणते ते मुद्दाम. मराठीत कादंबरी हा शब्द बाणभट्टाच्या नायिकेवरून आला हे आपण शाळेत शिकलो. उद्योतनसूरींच्या आधी शंभर-सव्वाशे वर्षं बाण होऊन गेला आणि ग्रंथाच्या सुरुवातीला पूर्वीच्या कवींना वंदन करताना उद्योतनसूरी त्याचंही नाव घेतात. गद्य आणि पद्य मिसळून लिहायची ती चंपूची रीत. एका कथेत दुसरी, दुसरीत तिसरी, अशी पेटीतून पेटी निघत जाते. भाषा मुख्यतः महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पणजी म्हणा ना. अधूनमधून अपभ्रंश, पैशाची आणि संस्कृतही येतं. लेखकाने स्वतः याला संकीर्णकथा म्हटलंय. धर्मकथा आहे, पण तिच्यात अर्थ आणि काम दोन्ही मिसळलेत. साधूने शृंगार का लिहावा, असं विचारणारे तेव्हाही असणार. पण लोकांना आधी गोष्टीत ओढायचं आणि मग सांगायचं ते सांगायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता कथा सांगते. मुळात ती पाच जणांची आहे.

कौशांबी नगरीबाहेरच्या उद्यानात धर्मनंदन नावाचे आचार्य उतरलेत. राजा पुरंदरदत्त आणि त्याचा मंत्री वासव त्यांच्या दर्शनाला येतात. आचार्य संसाराची कारणं सांगू लागतात. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह. राजा उदाहरण विचारतो, तेव्हा आचार्य पुराणातला दाखला देत नाहीत. समोर बसलेल्या एका माणसाकडे बोट दाखवतात. हा बघा, हाच क्रोध. मग त्या माणसाच्या देखत त्याची सगळी कहाणी सांगतात. असं पाच वेळा होतं.

क्रोध म्हणजे चंडसोम. बायकोवर संशय घेणारा ब्राह्मण. रात्री नाटक बघायला गेला असताना कानावर पडलेल्या कुणाच्या तरी बोलण्यावरून बायकोचा यार आहे असं ठरवतो, घरी येऊन दाराआड दबा धरतो आणि अंधारात दोघांना मारतो. दिवा आल्यावर दिसतं की मेलेत ते आपलेच भाऊ आणि बहीण.

मान म्हणजे मानभट. वसंतातल्या झोपाळ्यांच्या उत्सवात हा गाण्यातून एका सावळ्या मुलीचं कौतुक करतो आणि याची बायको गोरी. ती दुखावते, गळफास घ्यायला जाते. हा तिला सोडवतो, तिच्या पाया पडतो. ती तरी बोलत नाही. तेव्हा याचा अभिमान उसळतो. घरातून निघतो, विहिरीत मोठा धोंडा टाकतो आणि आडोशाला उभा राहून बघतो. नवराच पडला असं समजून बायको उडी घेते, तिच्यामागून सासू, मग सासरा. एका धोंड्याने आख्खं घर बुडालं.

माया म्हणजे मायादित्य. याच्याकडे मी नंतर येते.

लोभ म्हणजे लोभदेव. हा उत्तरेतला, तक्षशिलेकडचा. घोडे घेऊन विकायला येतो तो आपल्या सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात. तिथे व्यापाऱ्यांची बैठक भरते आणि परगावचा व्यापारी आला की त्याने आपला अनुभव सांगायचा, अशी तिथली रीत. कुणी सांगतो सुपाऱ्या नेऊन घोडे आणले, कुणी घोडे देऊन हत्ती घेतले, कुणी चीनला म्हशी नेऊन रेशमी वस्त्रं आणली. एकजण सांगतो की रत्नद्वीपाला कडुनिंबाचा पाला नेला आणि रत्नं घेऊन आलो! आठव्या शतकातला समुद्री व्यापार समजून घेणारे इतिहासकार हा उतारा आवर्जून वापरतात. लोभदेवाच्या कानात मात्र फक्त रत्नं घुमतात. भद्रश्रेष्ठी नावाचा भागीदार घेऊन तो रत्नद्वीपाला जातो आणि परतताना त्या भागीदारालाच समुद्रात ढकलतो.

आणि मोह म्हणजे मोहदत्त. आपले आईबाप कोण, बहीण कोण, हेच त्याला ठाऊक नाही. त्या अज्ञानातून त्याच्या हातून जन्मदात्याची हत्या होते आणि याहून मोठा अनर्थ थोडक्यात टळतो.

आता या पाचांची नावं पुन्हा बघा आणि भाद्रपदातलं आपलं दशलक्षण पर्व आठवा. क्षमा, मार्दव, आर्जव, शौच. क्रोधाच्या समोर क्षमा, मानाच्या समोर मार्दव, मायेच्या समोर आर्जव, लोभाच्या समोर शौच. आपण बस्तीत बसून दरवर्षी ऐकतो तीच ही यादी. पण प्रवचनात ऐकताना क्रोध म्हणजे शेजारणीचा क्रोध असतो, लोभ म्हणजे जावेचा. उद्योतनसूरींनी ती सोय ठेवलीच नाही. बोट थेट त्या माणसाकडे, आणि भरल्या सभेत.

पुढे जे घडतं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आपली कहाणी ऐकून त्या पाचांपैकी एकही उठून जात नाही. 'मी नव्हे' असंही कुणी म्हणत नाही. आचार्यांनी सांगितलं ते खरं आहे, तो मीच, असं प्रत्येक जण कबूल करतो आणि पुढे काय करू ते विचारतो. त्यांना यापूर्वीही लोकांनी उपाय सांगितलेले आहेत. गंगेत आंघोळ कर, दान दे, मोकळा होशील. आचार्य म्हणतात, पाणी अंगावरून जातं. पाप जिथे आहे तिथे ते पोचायचं कसं? पाचही जण दीक्षा घेतात.

आजकाल स्वतःचा स्वीकार करा, स्वतःवर प्रेम करा, असं जिकडेतिकडे वाचायला मिळतं. त्यात बहुतेक वेळा मी आहे तशीच छान आहे, एवढंच असतं. उद्योतनसूरींचा स्वीकार तसा नाही. मी आहे तशी आहे हे आधी नीट बघायचं, आपल्या दोषाला त्याच्या नावाने हाक मारायची, आणि तरीही मला पुढची वाट आहे असं मानायचं. दोष नाकारला तर पुढे जाता येत नाही आणि दोषालाच मी समजलं तरी जाता येत नाही. पाचही जण दोन्ही टाळतात म्हणून त्यांची कथा पुढे सरकते.

पाच साधू तपाने देवगतीला जातात. सौधर्म स्वर्गात पद्म नावाच्या एकाच विमानात पाचही जन्मतात आणि एकमेकांचे मित्र होतात. तिथे त्यांना एक भीती वाटू लागते. स्वर्गाचं आयुष्यही संपणारच. पुढचा जन्म कुठे येईल? माणसाचा की जनावराचा? आणि आज जे सम्यक्त्व आपल्यापाशी आहे ते तेव्हा उरेल का, की सगळं विसरायला होईल? म्हणून ते आपसात संकेत करतात. ज्याला आधी जाग येईल, त्याने बाकीच्यांना शोधून काढायचं आणि आठवण करून द्यायची.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. समकित एकदा झालं की कायमचं झालं, असं आपल्याकडे मानलेलं नाही. उपशमाने आलेलं सम्यक्त्व सुटू शकतं. चौथ्या गुणस्थानावरून पहिल्यावर कोसळताना जीव मध्ये क्षणभर जिथे असतो त्या दुसऱ्या गुणस्थानाला सासादन म्हणतात. त्याचा दृष्टांत स्वयंपाकघरातला आहे. कुणी खीर खाल्ली आणि ती उलटून पडली, तरी जिभेवर तिची चव थोडी राहते ना, तसं. श्रद्धा गेली, पण चव आहे. आणि हेही सांगितलंय की ज्याला एकदा सम्यक्त्वाचा स्पर्श झाला, त्याच्या भ्रमणाला कधी ना कधी शेवट आहे. कितीही लांब असो, पण शेवट आहे. म्हणजे श्रद्धा हरवणं ही अधर्म्याची गोष्ट नाही, वाटेवर चाललेल्याचीच आहे. उद्योतनसूरींनी या सूक्ष्म शास्त्राची गोष्ट केली, पाच मित्रांच्या वचनाची.

त्या पाचांचे पुढचे जन्म ऐका. मान अयोध्येचा राजपुत्र कुवलयचंद्र झाला. माया दक्षिणेतल्या विजयापुरीची राजकन्या कुवलयमाला झाली. लोभ व्यापाऱ्याच्या घरी सागरदत्त म्हणून जन्मला आणि पुढे मुनी झाला. क्रोध विंध्याच्या रानात सिंह झाला. मोह काही काळ स्वर्गातच राहिला आणि नंतर कुवलयचंद्र-कुवलयमालेच्या पोटी पृथ्वीसार म्हणून आला. अभिमानाचं मायेशी लग्न झालं आणि घरात मोह जन्माला आला! साधू असूनही उद्योतनसूरींना संसार किती कळत होता बघा.

राजपुत्राला एक दिवस घोडा उडवून नेतो आणि रानात आणून सोडतो. तिथे सागरदत्त मुनी बसलेत आणि त्यांच्याजवळ एक सिंह शांतपणे बसलाय. मुनी राजपुत्राला कौशांबीपासूनची सगळी कथा सांगतात. म्हणजे ज्याला आधी जाग आली, त्याने वचन पाळलं. सिंह ऐकता ऐकता ओळखतो आणि अन्नत्याग करून देह ठेवतो. जनावराच्या जन्मातही त्याला कुणी टाकून दिलं नाही. राजपुत्र दक्षिणेकडे निघतो, कारण आता आठवण द्यायची पाळी त्याची आहे. विजयापुरीत माया आहे आणि तिला काहीच आठवत नाही.

ही विजयापुरी समुद्रकाठची. उद्योतनसूरी तिचं वर्णन करतात तेव्हा इतिहास वाचणाऱ्यांना पर्वणीच. बाजारात देशोदेशीचे व्यापारी आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या बोलीत बोलतोय. अठरा देशी भाषा असं म्हणून त्यांनी एकेका प्रदेशाच्या लोकांचा रंग, बांधा, स्वभाव आणि तोंडचे एकदोन शब्द दिलेत. गुर्जर आहेत, लाट आहेत, माळवी, सिंधी, कर्नाटकी, आंध्र आहेत. आणि मरहट्टेही आहेत. दणकट, सावळा, सोशिक, पण मानी आणि भांडायला तयार, असा त्यांचा मराठी माणूस. त्याच्या तोंडी दिले-घेतलेची जुनी रूपं घातलीत, तीही बाजारातलीच. मराठी भाषेच्या इतिहासात हा उल्लेख फार मोलाचा मानतात. बेळगावच्या बाजारात एका दुकानापासून पुढच्या दुकानापर्यंत भाषा बदलताना आम्ही रोज ऐकतो. साडेबाराशे वर्षांपूर्वीच्या एका साधूला तो गलबला टिपून ठेवावासा वाटला, हे वाचून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

त्याच नगरीत विद्यार्थ्यांचा मठ आहे. निरनिराळ्या प्रांतांची पोरं तिथे शिकतात, खातात-पितात, अंग कमावतात आणि राजकन्येबद्दल टवाळ गप्पा मारतात. राजकन्या पुरुषद्वेष्टी आहे म्हणे. तिने एक श्लोकाचा चरण लावून ठेवलाय. जो उरलेले चरण बरोबर पुरे करील त्यालाच ती वरणार.

तो चरण कसला असेल? त्यात पद्म विमानातल्या पाच जणांचा उल्लेख आहे. कितीही मोठा पंडित असला तरी त्याला ते पुरं करता येणार नाही, कारण ती विद्वत्तेची परीक्षाच नाही. कौशांबी, धर्मनंदन, दीक्षा आणि ते वचन ज्याला ठाऊक आहे, त्यालाच उरलेलं जमणार. कुवलयचंद्र पिसाळलेल्या हत्तीला आवरतो आणि श्लोक पुरा करतो. स्वयंवराच्या कितीतरी कथा आपण ऐकल्यात. धनुष्य उचला, मासा वेधा. इथे वराची परीक्षा एकच, तू मला आधीपासून ओळखतोस का? आणि ओळखत असशील तर माझं सगळं ओळखतोस का?

लग्न होतं, शृंगारही होतो, साधूने तो हात न आखडता लिहिलाय. मग राजपुत्र तिला तिची कथा सांगतो. तू कोण होतीस, मी कोण होतो. आता मायादित्याकडे वळू या.

मायादित्य वाराणसीजवळच्या गावचा. खरं नाव गंगादित्य, पण कपटामुळे लोक त्याला मायादित्य म्हणत. त्याचा मित्र स्थाणू, स्वभावाने अगदी सरळ. दोघे पैसा मिळवायला प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या पैठणला येतात. पाच-पाच हजार सुवर्णमुद्रा मिळवतात आणि वाटेत चोरांची भीती म्हणून त्यांची दहा रत्नं घेतात. मायादित्याच्या मनात येतं की सगळीच आपण घ्यावीत. रत्नांसारखीच खड्यांची पुरचुंडी करतो आणि गडबडीत स्वतःच खडे घेऊन पळतो! पुन्हा येतो, मित्राला विहिरीत ढकलतो. स्थाणू त्यातूनही वाचतो. मायादित्य चोरांच्या हाती सापडलेला असतो, त्याला तोच सोडवतो आणि एका शब्दाने विचारत नाही. त्या न विचारण्याने मायादित्य मोडतो. मग पश्चात्तापाने जळून मरायला निघतो आणि फिरत फिरत धर्मनंदनांपाशी पोचतो.

हा मायादित्य पुढच्या मनुष्यजन्मात बाई होतो. आणि इथे आमच्यासारखीने थांबायलाच हवं.

मायाचाराने स्त्रीपर्याय मिळतो, हे वाक्य स्वाध्यायात बसणाऱ्या प्रत्येक बाईने ऐकलंय. सांगणारे अगदी सहज सांगतात आणि समोर बसलेल्या सत्तर बायका मान डोलावतात. श्वेतांबरांत मल्ली तीर्थंकर स्त्री मानल्या जातात, त्याचंही कारण मागच्या जन्मी तपात मित्रांशी केलेलं कपट असंच दिलंय. दिगंबरांत मल्लिनाथ पुरुषच. वाद काहीही असो, कपटाचं फळ म्हणजे बाईपण यावर दोघांचं एकमत. सकाळी साडेपाचला उठून पाणी गाळणारी, सूर्यास्ताच्या आत घरादाराची जेवणं उरकणारी, सगळ्यांची पथ्यं आणि व्रतं सांभाळणारी बाई हे ऐकते, तेव्हा तिच्या मनात काय होत असेल? मला तर दर वेळी टोचतं. आपल्या असण्यालाच शिक्षा म्हटलं, तर स्वतःला आपलं म्हणायचं कसं?

उद्योतनसूरी आठव्या शतकातले साधू. त्यांनी हा सिद्धांत मोडला असं मी म्हणणार नाही. मायेचा जीव त्यांनी बाईच्याच जन्माला घातला. पण पुढे त्यांनी काय केलं तेही बघायला हवं. पाचांपैकी ग्रंथाला नाव दिलं ते तिचं. नायक राजपुत्र असून ग्रंथ कुवलयचंद्राच्या नावाने नाही, मायेच्या नावाने आहे. या जन्मात तिच्या हातून एकही कपट घडलेलं दाखवलेलं नाही. उलट, कोण खरा आणि कोण खोटा हे पारखणारा चरण तिच्याच दारावर लागलाय. नवरा तिला तिचा मागचा जन्म सांगतो तो टोमणा म्हणून सांगत नाही. सांगताना तो आपली विहीर आणि आपला धोंडाही सांगतो. तू माया होतीस, मी मान होतो. दोघांचे हात रंगलेले. ती ऐकते, ओळखते आणि सम्यक्त्व स्वीकारते. नवऱ्याच्या आज्ञेने नव्हे, स्वतःच्या आठवणीने. शेवटी पाचही जीव महावीरांच्या काळात जन्मतात, दीक्षा घेतात आणि मुक्त होतात. त्यात मायेचा जीव मागे राहिला नाही, त्याला वेगळी शिक्षाही नाही. क्रोध, मान, लोभ यांना जो रस्ता तोच तिला.

मी तर यातून असं घेते. स्त्रीजन्म ही मायेची शिक्षा, हे वाक्य ज्याला म्हणायचंय त्याने मानभट कोणत्या जन्माला गेला तेही सांगावं. तो राजपुत्र झाला. बायको आणि आईबाप तिघांच्या मरणाला कारण झालेल्या माणसाला राजवाडा, आणि रत्नं लपवणाऱ्याला बाईपण, असा हिशेब लावला तर तो कुठेच जुळत नाही. कथेत राजपुत्र आणि राजकन्या दोघेही तपाच्या पुण्याने तिथे आलेत आणि दोघांनाही विसर पडलाय. विसर हाच खरा जन्माचा दोष आणि तो स्त्री-पुरुष बघत नाही.

उद्योतनसूरींनी तर्कशास्त्र हरिभद्रसूरींकडे शिकलं. हरिभद्रांची 'समराइच्चकहा' प्रसिद्ध आहे. तीही जन्मोजन्मींची कथा. कुरूप म्हणून ज्याची राजपुत्र गुणसेनाने चेष्टा केली तो अग्निशर्मा वैर धरतो आणि ते वैर नऊ जन्म चालतं. गुरूने नऊ जन्म टिकणारं वैर लिहिलं आणि शिष्याने जन्म ओलांडून टिकणारी मैत्री लिहिली. दोन्ही खरंच आहे. पण श्रद्धा एकट्याने टिकत नाही, आपण विसरलो तर आठवण करून देणारं कुणीतरी हवं, हे शिष्याने सांगितलं. संसारातला नवरा किंवा बायको तो आठवण देणारा होऊ शकतो, हेही साधू असून त्यानेच सांगितलं.

श्रद्धेच्या प्रश्नाला त्यांनी दुसऱ्या बाजूनेही हात घातलाय. कुवलयचंद्राचे वडील राजा दृढवर्मा. म्हातारपणी त्यांना धर्म कोणता खरा हे ठरवायचंय. कुलदेवता त्यांना एका पट्टीवर लिहिलेला धर्म देते, पण तो कोणाचा ते सांगत नाही. मग राजा निरनिराळ्या मतांच्या आचार्यांना बोलावतो आणि एकेकाचं ऐकून घेतो. लेखक जैन, त्यामुळे निकाल कुठे लागणार ते ठाऊक आहे. तरी राजाला वाडवडिलांचा म्हणून धर्म पुरला नाही, विचारल्याशिवाय आणि ताडून बघितल्याशिवाय त्याने मान डोलावली नाही, हे मला मोठं वाटतं.

आता हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा तेही सांगायला हवं. तेराव्या शतकात रत्नप्रभसूरींनी त्याचा संस्कृतात संक्षेप केला. मूळ प्राकृत मात्र मागे पडलं. विसाव्या शतकात शोध घेतला तेव्हा मूळ ग्रंथाच्या दोनच प्रती हाताशी आल्या. एक जेसलमेरच्या भांडारातली ताडपत्राची, संवत 1139 ची, आणि दुसरी पुण्याच्या भांडारकर संस्थेतली कागदाची. त्या दोन प्रती ताडून, पाठभेद नोंदवून मूळ ग्रंथ छापायचं काम ज्यांनी केलं ते आपल्याच भागातले, डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. 1906 साली चिकोडीकडच्या सदलग्यात जन्मले. सदलगा म्हटलं की आज आपल्याला आचार्य विद्यासागर महाराज आठवतात, त्यांचंही जन्मगाव तेच. उपाध्ये बेळगावच्या गिलगंची अरटाळ हायस्कुलात शिकले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तीसेक वर्षं अर्धमागधी शिकवत होते. सिंघी जैन ग्रंथमालेत, मुनी जिनविजयांच्या देखरेखीखाली, 1959 साली त्यांनी 'कुवलयमाले'चं मूळ छापलं आणि 1970 साली प्रस्तावनेचा दुसरा भाग दिला. 1975 साली ते गेले.

उपाध्ये दिगंबर आणि उद्योतनसूरी श्वेतांबर. तीर्थांवरून आपल्या दोन्हीकडचे लोक कोर्टकचेऱ्या करत होते त्याच काळात सदलग्याचा हा माणूस श्वेतांबर साधूच्या ओळीतला एकेक काना-मात्रा लावत बसला होता. आणि साधूनेही सुरुवातीच्या वंदनात रविषेण आणि वरांगचरित लिहिणारे जटिलमुनी यांची नावं आदराने घेतलीत. ते त्यांच्या गच्छाचे नव्हेत. त्याच वरांगचरिताची प्रत उपाध्यांनीच संपादून 1938 साली छापली होती. एकाने आठव्या शतकात आठवण ठेवली, दुसऱ्याने विसाव्या शतकात ती उजेडात आणली.

आपल्या घरांत आज मुलं-सुना विचारतात, तुमचा यावर खरंच विश्वास आहे का? कुणाचा सुटलाय, कुणाचा अर्धा आहे, कुणी सासऱ्यांसाठी म्हणून अभिषेकाला उभं राहतं. आपण लगेच घाबरतो, रागावतो, काळ बिघडला म्हणतो. उद्योतनसूरींच्या पाच मित्रांनी स्वर्गात बसून आधीच गृहीत धरलं होतं की आपला विश्वास सुटणार. एकमेकांना दोष द्यायचं त्यांनी ठरवलं नाही, शोधत यायचं ठरवलं. एक जण तर सिंह होऊन रानात हिंडत होता, त्याच्यापर्यंतही जायचं ठरलं होतं. आपल्या घरातलं पोर त्यापेक्षा लांब गेलेलं नाही. त्याच्यापाशी जाताना आपण आपली विहीर आणि आपला धोंडा आधी सांगितला, तर तो ऐकून घेईल असं मला वाटतं.